अंगठ्याखालचं बटण

"माझ्या वडिलांचा आवाज कुणीतरी बंद पाडतंय," ती मुलगी म्हणाली आणि खुर्चीत नीट बसायच्या आधीच रडायला लागली.

वहिनींनी तिला रडू दिलं. गल्लीतली सगळी माणसं त्यांना वहिनीच म्हणत, पण खऱ्या नात्याने त्या एकाच माणसाच्या वहिनी होत्या. तो माणूस कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बिस्किटाचा पुडा फोडत होता. नवरा गेल्यावर वहिनींनी विमा कंपनीतली नोकरी सोडली आणि खाजगी तपासाची कचेरी थाटली, तेव्हा या धाकट्या दिराने आपली गाडी आणि आपली सोबत दोन्ही देऊ केली होती. गाडी उपयोगाची निघाली.

"आवाज म्हणजे?" भावजींनी विचारलं. "गातात का ते?"

वहिनींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. भावजींनी बिस्किट तोंडात घातलं.

मुलीने डोळे पुसले. "बाबांना स्नायूंचा आजार आहे. हात, पाय, मान, जीभ, एकेक करत सगळं गेलं. आता फक्त उजवा अंगठा हलतो. त्या अंगठ्याखाली एक बटण ठेवलंय, त्याची वायर कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टला जाते. पडद्यावर अक्षरं एकामागून एक उजळतात. हवं ते अक्षर आलं की बाबा बटण दाबतात. शब्द झाला की कॉम्प्युटर तो मोठ्याने बोलतो."

"वेळ लागत असेल."

"लागतो. पण बाबा छापखान्यात खिळे जुळवायचे, एकेक अक्षर उचलायची त्यांना सवय आहे. आई तर म्हणते, धडधाकट होते तेव्हा एवढे बोलत नव्हते."

"आणि हे बटण बंद पडतं."

"एरवी नाही पडत. डॉक्टर यायच्या असल्या की पडतं."

वहिनींनी पुढ्यातला कप बाजूला सारला. मुलीने सांगितलं ते असं. बाबांचा श्वास आता पुरत नाही. गळ्याला भोक पाडून श्वासाचं मशीन लावलं तर ते आणखी काही वर्षं काढतील, पण याच पलंगावर, याच अवस्थेत, आणि ते मशीन पुन्हा निघायचं नाही. नाही लावलं तर फार दिवस नाहीत. डॉक्टरांचं म्हणणं, हे पेशंटनेच सांगायचं, घरच्यांनी नाही. मुलांनी विचारलं तेव्हा बाबांनी बटण दाबून उत्तर दिलं होतं, एकदाच सांगेन, डॉक्टरांसमोर. त्यानंतर डॉक्टर दोन वेळा घरी येऊन गेल्या आणि दोन्ही वेळा नेमकं बटण मेलं.

"आज संध्याकाळी त्या परत येतायत. आजही बाबा बोलले नाहीत तर तुम्ही मुलांनीच ठरवा, म्हणाल्या. श्वास थांबायची वाट बघता येणार नाही."

"मग ठरवा की," भावजी म्हणाले.

"मला मशीन हवंय. दादाला नकोय." तिने पुन्हा डोळे पुसले. "बाबा हो म्हणतील याची त्याला धास्ती आहे. तोच बंद पाडतो. माझा सख्खा भाऊ आहे, आणि मी त्याच्यामागे तपास लावायला आले. लाज वाटते मला."

"बटण नव्हतं तर दुसरं काही करून विचारलं नाही डॉक्टरांनी?"

"विचारलं ना. हो असेल तर अंगठा एकदा उचला, नको असेल तर दोनदा. दोन्ही वेळा विचारलं. बाबांनी हलवलासुद्धा नाही. आम्हाला वाटलं, संपलं, अंगठाही गेला. आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर दुकानातून परत आला, तर बटण दाबून पहिलं काय म्हणावं? पंखा कमी करा."

"पंखा कमी करा," वहिनी पुटपुटल्या. "चला भावजी. पुडा गाडीत खा."

•

दुरुस्तीचं दुकान एका अरुंद जिन्याखाली होतं. आत उघडे डबे, वायरींचे गुंडाळे आणि या सगळ्यामधोमध बसलेला बडबड्या दुकानदार.

"व्हायरस असणार," भावजींनी आत शिरताच निदान केलं.

"व्हायरसने बटण बंद पडतं होय साहेब?" दुकानदार हसला. "पोर्ट शॉर्ट होतोय. या डब्याला समोर दोन पोर्ट आहेत आणि दोघांना मिळून आत एकच बारका फ्यूज. घरातला फ्यूज उडाला की बदलावा लागतो. हा तसा नाही. शॉर्ट झालं की हा तापतो आणि वीज अडवून धरतो. शॉर्ट निघालं की थंड होतो आणि आपला आपण चालू. म्हणून तर कॉम्प्युटर वाचला, नाहीतर बोर्डच जळालं असतं."

"आणि मागचे पोर्ट?"

"त्यांचा फ्यूज वेगळा. माउस मागे आहे, तो चालूच राहतो. बटणाची वायर आखूड, म्हणून ते समोर."

"शॉर्ट कशाने होतं?"

"पोर्टातली पट्टी वाकली, पाणी गेलं, बटणाची वायर आतून सोलली. मी दोन्ही वेळा सगळं तपासलं. पट्ट्या सरळ, वायर नवी, बटण तर एवढीशी वीज खातं. इथे दिवसभर चालवलं, एकदाही तक्रार नाही. घरी गेलं की आजारी. हात टेकले मी."

"आत काही अडकलेलं?"

"छे. इतका स्वच्छ डबा माझ्याकडे दुसरा येत नाही. लोकांच्या पोर्टातून मी मुंग्या काढतो, बिस्किटाचा चुरा काढतो." इथे भावजींनी हात झटकले. "यांच्या घरच्या आई डबा पुसून देतात. मुलगी घेऊन आली तेव्हाही पुसून, मुलगा घेऊन आला तेव्हाही पुसून. त्याशिवाय दाराबाहेर काढू देत नाहीत म्हणे."

वहिनी निघता निघता थांबल्या. "त्या मुलाने तुम्हाला काही वेगळं करायला सांगितलं होतं?"

दुकानदाराने मान खाजवली. "फ्यूज काढून टाक म्हणाला. मधे तारेचा तुकडा लाव, म्हणजे वीज तुटायलाच नको. मी नाही म्हटलं. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं नळकांडं असतं त्यांच्या. उद्या ठिणगी पडली तर?"

बाहेर आल्यावर भावजींनी मोटारीचं दार आपटलं. "झालं तर. फ्यूज काढायचा, डबा जाळायचा, म्हातारा कायमचा मुका. पोरगी बरोबर बोलत होती, वहिनी."

"गाडी चालवा," वहिनी म्हणाल्या.

•

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी पलंग. उशाशेजारच्या टेबलावर पडदा आणि त्याच्याखाली काळा डबा, पाठ भिंतीला, तोंड पलंगाकडे. बाबांची मान उशांनी अशी टेकवलेली होती की डोळे उघडले की समोर तेवढंच दिसावं. माणूस हाडाच्या काड्यांवर चादर टाकल्यासारखा दिसत होता. डोळे मात्र अगदी जागे होते.

थोरला मुलगा दारातच उभा होता. बहिणीबरोबर पाहुणे पाहून त्याचा चेहरा पडला, पण त्याने बाजूला होऊन वाट दिली. आई आतून आल्या. बारीक अंगाच्या, घट्ट अंबाडा, हातात फडकं.

"बसा. चहा टाकते," त्या म्हणाल्या, जणू घरात रोजच तपास करणारी माणसं येतात.

वहिनी त्यांच्यामागोमाग स्वयंपाकघरात गेल्या. शेगडीचा एक बर्नर धड पेटेना. आईंनी अंबाड्यातला काळा आकडा ओढून काढला, बर्नरच्या भोकांमधून भराभर फिरवला, फडक्याला पुसला आणि परत केसात खोचला. बर्नर निळा पेटला.

"युक्ती चांगली आहे," वहिनी म्हणाल्या.

"सवय हो. शिलाई मशीन, नळाची जाळी, कंगवे, सगळं यानेच. टोकाचा रंग पार गेलाय बघा, नुसतं लोखंड राहिलंय. हे चिडायचे, केसात गंज घालून फिरतेस म्हणून."

"आता नाही चिडत?"

आई दुधाकडे बघत राहिल्या. "आता त्यांना एक शब्द जुळवायला एवढा त्रास होतो. माझ्या आकड्यावर कशाला घालवतील?"

"मशीनबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

"ते म्हणतील तसं," आई म्हणाल्या आणि कप मांडायला लागल्या.

बाहेर वहिनी पलंगाजवळ खुर्ची ओढून बसल्या. "नमस्कार. तुमचं बटण कोण बंद पाडतं ते मी शोधतेय."

पडद्यावर अक्षरांच्या ओळी उजळू लागल्या. अंगठा दाबला जात होता, इतका हळू की हलल्याचं कळतही नव्हतं. शेवटी कॉम्प्युटर सपाट आवाजात बोलला. "शोधा."

"डबा तुमच्या नजरेसमोर असतो दिवसभर. तुम्ही पाहिलंय का कुणाला त्याच्यापाशी?"

ओळी उजळल्या, विझल्या, पुन्हा उजळल्या. अंगठा स्वस्थ. बऱ्याच वेळाने शब्द आला. "भूत."

भावजींनी चटकन मागे वळून पाहिलं. मुलगी कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा, थट्टा पुरे हो आता."

वहिनी मात्र गंभीर होत्या. "दिसायला कसं आहे भूत?"

पुन्हा ओळी. पुन्हा वाट बघणं. "बरं आहे."

दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या आईंच्या हातातले कप किणकिणले.

•

थोरल्याला वहिनींनी गॅलरीत गाठलं. तिथे कपडे वाळत होते, त्यांच्या आडोशाला तो उभा होता.

"बहिणीने माझं नाव घेतलं ना?" तो म्हणाला. "घेऊ दे. मी तिचं घेतो. नवं बटण तिने आणलं आणि त्याच आठवड्यात पहिल्यांदा बंद पडलं. बाबा नको म्हणतील ही भीती तिला आहे."

"पहिल्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

"परगावी, कामाला. सकाळी मी पोचल्यावर फोन केला तर बाबा बटणावरून बोलले माझ्याशी. जेवलास का, विचारलं. आणि दुपारी डॉक्टर आल्या तर बंद."

"म्हणजे तुम्ही गेल्यावर बंद पडलं. आणि दुसऱ्या वेळी?"

"दुसऱ्या वेळी ही सासरी होती. डॉक्टर निघून गेल्यावर पोचली, आणि जिन्यातच माझ्याशी भांडली." बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं असावं. त्या वेळी तीही घरात नव्हती.

"फ्यूज काढून टाका म्हणालात दुकानदाराला."

"हो, म्हणालो. मला काय कळतंय त्यातलं? मला एवढंच कळतं की वीज तुटली की बाप मुका होतो." त्याने वाळत घातलेली चादर मुठीत धरली. "मला मशीन नको वाटतं, खरं आहे. त्यांचे हाल मला बघवत नाहीत. पण ते हो म्हणाले तर मी जन्मभर त्या मशीनपाशी जागेन. मला फक्त त्यांच्या तोंडून ऐकायचंय. एवढंही मिळू नये माणसाला?"

खाली रस्त्यावर एक मोटरसायकल चालू होता होत नव्हती.

आणि मग आतून मुलीची हाक आली. "दादा, अरे, परत गेलं."

सगळे धावले. अक्षरं उजळत होती, अंगठा दाबत होता, आणि पडदा दाद देत नव्हता. कोपऱ्यात एक चौकट आली होती. थोरल्याने सवयीने माउस सरकवून ती बंद करायला घेतली.

"थांबा. काय लिहिलंय?"

"नेहमीचंच. पोर्टातून जास्त वीज ओढली जातेय, म्हणून पोर्ट बंद केलाय."

त्याने बटणाची वायर काढली, घातली, हलवली, फुंकर मारली. काही नाही. मुलगी पलंगाच्या कडेला बसून बाबांचा हात चोळायला लागली. "मी पाणी आणायला उठले तेवढ्यात. भावजीकाका इथेच होते."

भावजींनी मान खाली घातली. चहानंतर त्यांचा डोळा लागला होता.

तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टर निघाल्या होत्या. आई उशाशी उभ्या होत्या. केसांची एक बट त्यांच्या गालावर आली होती. त्यांनी ती कानामागे सारली, ती परत आली.

"दुकानात ने रे लगेच," त्या थोरल्याला म्हणाल्या. "थांब, पुसून देते." आणि फडक्यासाठी वळल्या.

"आज नको पुसायला," वहिनी म्हणाल्या. "आई, बसा. सगळेच बसा. डॉक्टर यायच्या आत मला बोलू दे."

•

वहिनींना उलगडा सांगायला एरवी आवडायचं. विम्याच्या नोकरीत जळलेल्या दुकानांच्या राखेतून त्यांनी कितीतरी लबाड मालक बाहेर काढले होते आणि दरवेळी पाठ ताठ करून अहवाल दिला होता. आज त्यांची पाठ ताठ नव्हती.

"पडदा म्हणतो, जास्त वीज ओढली गेली," त्यांनी सुरुवात केली. "बटण एवढी वीज ओढूच शकत नाही. दुकानदाराने ते दिवसभर चालवून बघितलंय. मग कोण ओढतं? समोर पोर्ट दोन आहेत, फ्यूज एकच. एकात शॉर्ट झालं की दुसऱ्याचीही वीज जाते. आपण सगळे बटणाच्या पोर्टात फुंकर मारत बसलो. शेजारचा रिकामा म्हणून कुणी बघितलाच नाही."

भावजी गुडघ्यावर बसून वाकले. "रिकामाच आहे की."

"काळ्या डब्यातल्या काळ्या भोकात काळी वस्तू आहे, भावजी. हात लावू नका. एखादी धातूची काडी, टोकाचा रंग गेलेली, आत गेली की शॉर्ट. काडी काढली की फ्यूज थंड होतो आणि सगळं पहिल्यासारखं. म्हणून दुकानात कधी काही सापडत नाही. काडी घरातून डबा निघायच्या आधी निघते."

"पण काढतं कोण?" मुलीने विचारलं.

"दादा नाहीत. पहिल्या वेळी ते परगावी पोचल्यावरही बटण चालू होतं. शिवाय फ्यूजच काढून टाका म्हणणाऱ्या माणसाला वीज तुटायला नको असते. तुम्ही नाही, दुसऱ्या वेळी तुम्ही आलाच नव्हता. दुकानदार तर इथे पाऊल टाकत नाही." वहिनी क्षणभर थांबल्या. "डबा निघायच्या आधी दरवेळी एकच गोष्ट होते. तो पुसला जातो."

कुणी आईंकडे पाहिलं नाही. आईंची बट पुन्हा गालावर आली होती. मुलीचं लक्ष तिकडे गेलं, मग मोकळ्या झालेल्या अंबाड्याकडे.

"आई?" ती म्हणाली. "तुझा आकडा कुठाय?"

आई खुर्चीत बसल्या, कुणीतरी खांदे दाबून बसवावं तशा.

"पहिल्यांदा मुद्दाम नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "डॉक्टर यायच्या म्हणून घर आवरत होते. त्या भोकात धूळ होती, आकड्याने काढायला गेले. बेल वाजली, आकडा तिथेच राहिला. मग यांचं बटण चालेना. डॉक्टर बसल्या, विचारून विचारून थकल्या आणि गेल्या. डबा पुसताना आकडा दिसला तेव्हा मला कळलं, हे माझ्यामुळे झालं."

"मग सांगायचं नाही का?" थोरल्याचा आवाज चढला.

"काय सांगू? यांनी मला आधीच सांगितलं होतं. तुम्ही दोघं नव्हता, दुपारची वेळ होती. नको म्हणाले. मशीन नको." आईंनी हात मांडीवर उलटे टाकले. "डॉक्टरांसमोर ते म्हटले की झालंच. त्या लिहून घेणार आणि जाणार. आणि त्या दिवशी त्यांना म्हणता आलं नाही. मला वाटलं, आजचा दिवस तर मिळाला. पुढच्या वेळी हात आपोआप केसांकडे गेला. मला दुसरं काही करता येत नव्हतं रे. मी कुणाशी भांडू? यांच्याशी? यांना तर उलट बोलताही येत नाही."

मुलगी भावाकडे बघत राहिली. आपण सख्ख्या भावावर माणसं सोडली आणि हे निघालं. थोरला भिंतीला टेकला. दोघांनाही रागवायचं होतं, आणि रागवायला घरात कुणी उरलं नव्हतं.

"एक गोष्ट राहिली," वहिनी हळू म्हणाल्या. "आईंनाही ती माहीत नाही." त्या पलंगाकडे वळल्या. "याला साक्षीदार होता. डबा यांच्या नजरेसमोर आहे. आईंनी आकडा घातला तेव्हा दरवेळी हे बघत होते. मधल्या दिवसांत बटण छान चालत होतं, तेव्हा एका शब्दात सांगता आलं असतं. नाही सांगितलं. मी सरळ विचारलं, तर म्हणाले भूत. वर म्हणाले, दिसायला बरं आहे."

बाबांचे डोळे आईंकडे गेले होते.

"आणि अंगठा. डॉक्टरांनी विचारलं, हो ला एकदा, नको ला दोनदा. त्याला बटण लागत नाही, वीज लागत नाही. आकड्याने तो अडत नाही. हे दोनदा उचलू शकत होते. उचलला नाही. गेला म्हणावं, तर दुसऱ्या दिवशी पंखा कमी करा. बटण आईंनी थांबवलं. अंगठा यांनी स्वतः थांबवला."

आई उठल्या. पलंगाशी जाऊन त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्यावर वाकून पाहिलं. "मला वाटलं, अंगठाही गेला तुमचा. मी रडले त्या दिवशी. तुम्ही... माझ्यासाठी थांबला होतात?"

बाबांचा अंगठा एकदा उचलला गेला.

"इतका श्वास कमी होत असताना?"

अंगठा पुन्हा एकदा उचलला गेला.

भावजींनी वहिनींच्या कानाशी लागून विचारलं, "मग आता काय करायचं?"

"मला माहीत नाही, भावजी."

भावजींनी वहिनींच्या तोंडून हे वाक्य आजवर ऐकलं नव्हतं. ते घाबरले.

"निदान आकडा तरी काढू का मी?"

"नाही. ते आपलं काम नाही."

थोरल्यानेही हात पुढे केला नाही, मुलीनेही नाही. आई टेबलाशी वाकल्या. काळ्या भोकातून त्यांनी काळा आकडा ओढून काढला. तो गरम झाला होता, त्यांनी तो पटकन दुसऱ्या हातात घेतला. मग सगळे बसून राहिले. आत कुठेतरी तो बारका फ्यूज थंड होत होता आणि त्याला घाई करता येत नव्हती. मुलीने भावाचा हात धरला. त्याने सोडवून घेतला नाही.

थोड्या वेळाने थोरल्याने वायर काढून पुन्हा घातली. बाबांनी बटण दाबलं. पडद्यावरची ओळ थांबली.

पहिला शब्द जुळायला फार वेळ लागला. बाबा दमले होते. "तू," कॉम्प्युटर म्हणाला. मग आणखी वाट बघितल्यावर, "विचार."

"मी?" आई म्हणाल्या. "डॉक्टर येतायत ना. त्या विचारतील."

बाबांचे डोळे हलले नाहीत. आईंनी मुलांकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं. त्यांनी पदार्थ करपलाय हे सांगावं तशा अपराधी आवाजात विचारलं, "मशीन लावायचं का तुम्हाला?"

ओळी उजळू लागल्या. आई पडद्याकडे बघत नव्हत्या, त्या अंगठ्याकडे बघत होत्या. तो दाबला गेला. थांबला. पुन्हा दाबला गेला.

"नको," कॉम्प्युटर म्हणाला.

मुलीने तोंडावर हात घेतला. थोरल्याला हेच हवं होतं, आणि तो हमसाहमशी रडायला लागला.

"बरं," आई म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला, म्हणून त्यांनी परत म्हटलं. "बरं. डॉक्टरांना सांगा तसं. मी मधे येणार नाही."

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. जिन्यात पावलं वाजायला लागली. पण पडद्यावर अक्षरं अजून उजळतच होती, अंगठा अजून काहीतरी जुळवत होता, आणि कुणालाही जागचं हलवेना. एक अक्षर, मग दुसरं. बाबांच्या कपाळावर घाम आला होता. आईंनी तो हातातल्या फडक्याने टिपला.

"केस बांध," कॉम्प्युटर म्हणाला.

आईंनी गालावरची बट मागे घेतली, अंबाडा पुन्हा घट्ट वळला आणि तो कोमट आकडा त्यात खोचला. मग बाबांना दिसावं म्हणून मान वळवून दाखवली.

बेल वाजली. कोणीच उठलं नाही, तेव्हा भावजी दार उघडायला गेले.